मितव्ययाचा अभ्यास

जयपूर नगराच्या पूर्वेस, आग्र्याकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ३० किलोमीटर अंतरावर बस्सी नावाचे तहसिलीचे गाव आहे. जयपूर–बांदीकुई लोहमार्गही येथूनच जातो. अशा गावातील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. वडील अल्पभूधारक शेतकरी. गोठ्यात दोन म्हशी. दूध सहकारी संस्थेत घालावयाचे, आणि त्यातील स्निग्धांश मोजून जो भाव ठरेल तो घ्यावयाचा. त्या दुधाच्या पैशांतून दरमहा ३,००० रुपये मुलाच्या हाती पडतात. मुलगा दुर्व्यसनी नाही, उनाड नाही. तरीही महिन्याच्या वीस तारखेस त्याच्यापाशी काही उरत नाही, आणि उरलेले दहा दिवस तो मित्रांकडून उसने घेऊन काढतो. घरी हे कोणास ठाऊक नाही.

असा विद्यार्थी बस्सीतच असतो असे नाही. तो कोल्हापुरात आहे, अमरावतीत आहे, इंदुरातही आहे. प्रत्येक महिन्याच्या आरंभी तो एक कठोर संकल्प करतो : आजपासून बाहेरचा चहा बंद, अनावश्यक खरेदी बंद, सर्वच बंद. पाचव्या दिवशी तो संकल्प मोडतो; आणि एकदा मोडलाच आहे तर आता काय, अशा बुद्धीने सहाव्या दिवशी पूर्वीपेक्षा अधिक खर्च होतो. संकल्प खोटा होता असे म्हणता येत नाही. शरीराने कधी न उचललेले ओझे पहिल्याच दिवशी उचलू पाहावे, तशी ती चूक आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचा विषय चालू असता, मनास विषयांपासून कसे परतवावे हे सांगताना भगवंतांनी ‘हळूहळू’ या अर्थाचा शब्द लागोपाठ दोनदा योजिला आहे. एकदा म्हटल्याने अर्थ पुरा झाला असता. ही द्विरुक्ती साधकाच्या उतावळेपणावर घातलेला लगाम आहे. त्या हळूहळूपणास आधार कोणता, तर धृतीने धरून ठेवलेली बुद्धी. पुढच्याच श्लोकात सांगितले आहे की चंचल मन जेथे जेथे पळेल तेथून तेथून त्यास परत आणावे. म्हणजे मन पळणार हे तेथे गृहीतच धरले आहे. पळाले म्हणून साधना संपली, असे कोठेही म्हटलेले नाही. प्रसंग ध्यानाचा आहे हे खरे. परंतु जे मन आसनावर पळते तेच बाजारातही पळते.

या विषयाचे सर्वांत विश्वसनीय उदाहरण एका विद्यार्थ्यानेच लिहून ठेविले आहे. मोहनदास करमचंद गांधी १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघून कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते. सभ्य इंग्रज दिसावे या हौसेने त्यांनी १९ शिलिंगांची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीटवरील शिंप्याकडून १० पौंडांचा संध्याकाळचा पोषाख शिवविला. वडील बंधूंकडून सोन्याची दुपदरी साखळी मागविली. नृत्याच्या वर्गाला तीन पौंड, व्हायोलिनला तीन पौंड, वक्तृत्वशिक्षकाला एक गिनी. हा मोह सुमारे तीन महिने टिकला. पोषाखाची टापटीप पुढे अनेक वर्षे राहिली, असे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे नमूद केले आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या मोहाच्या दिवसांतही ते पैपैचा हिशेब लिहीत होते. गाडीभाडे, टपालखर्च, वर्तमानपत्रावर गेलेली किरकोळ नाणी, सर्व काही रोजच्या रोज वहीत उतरे आणि निजण्यापूर्वी शिल्लक जुळविली जाई. खर्च कमी करण्याचा विचार नंतर आला. तो वहीने सुचविला. वही पाहता असे दिसले की भाड्यापायी पुष्कळ जाते, आणि एका कुटुंबात पैसे देऊन राहिल्याने ठराविक साप्ताहिक देणे तर पडतेच, शिवाय त्या मंडळींना कधी बाहेर जेवावयास नेण्याचा शिष्टाचारही सांभाळावा लागतो. तेव्हा त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या, आणि त्याही अशा ठिकाणी की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोहोचता यावे. रोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले. भाडे वाचले आणि प्रकृतीही निरोगी राहिली.

हा पहिला टप्पा झाला. या वेळी खोल्या दोन होत्या. पुढे अत्यल्प खर्चात राहणाऱ्या एका गरीब विद्यार्थ्याविषयी त्यांना कळले. त्याचे पूर्ण अनुकरण आपल्याने व्हावयाचे नाही, हे त्यांनी ओळखले. पण दोनांच्या जागी एक खोली पुरेल आणि एखाददुसरे अन्न घरी शिजविता येईल, एवढे मात्र खास, असे ठरविले. एक शेगडी घेतली. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आला. बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, या हिशेबाने पाहू गेल्यास बाँड स्ट्रीटच्या त्या एका पोषाखाच्या किमतीत असे १६० दिवस निघाले असते.

या काळात आपले जीवन रुक्ष झाले, असे त्यांनी लिहिले नाही. बाहेरची राहणी आणि अंतःकरण यांचा मेळ बसला, कुटुंबाच्या ऐपतीशी ती राहणी अधिक जुळती झाली आणि अभ्यासास वेळही मिळाला, अशीच त्यांची साक्ष आहे. वडील बंधू किती कष्टाने पैसे पाठवितात, ही जाणीव त्यांना बोचत होती. काटकसरीचे खरे मूळ या बोचण्यात होते. लंडनला दुसरे वर्ष संपत आले असता दोन थिऑसॉफिस्ट बंधूंच्या आग्रहावरून त्यांनी एडविन आर्नल्डच्या इंग्रजी पद्यानुवादातून गीता प्रथम वाचली. तोपर्यंत ती त्यांनी संस्कृतात वाचली नव्हती, की गुजरातीतही नाही. आणि पुढे सार्वजनिक कार्यातील लक्षावधी रुपये हाताळताना कर्जाऐवजी शिल्लकच राहत गेली, याचे श्रेय त्यांनी त्या विद्यार्थिदशेतील वहीला दिले आहे.

हिशेब लिहिणे म्हणजे चिक्कूपणा, असा एक समज तरुणांत आढळतो. मराठीत पैसा न सोडणाऱ्यास आपण कृपण म्हणतो. गीतेने दुसऱ्या अध्यायात हा शब्द निराळ्याच माणसाला लाविला आहे : जो केवळ फळाच्या आशेने कर्म करतो तो कृपण, म्हणजे कीव करण्याजोगा, दीन. या अर्थाने पाहिले तर वीस तारखेनंतर मित्रांच्या तोंडाकडे पाहणारा उधळ्याही कृपणच ठरतो. ‘व्यय’ या शब्दातील मूळ धातू ‘जाणे’ या अर्थाचा आहे. व्यय म्हणजे निघून जाणे. मितव्ययात हे जाणे थांबवावयाचे नाही, मोजावयाचे आहे. दान हाही एक व्ययच आहे, आणि उसनवारीत बुडालेल्या हाताने ते घडणे कठीण.

महाराष्ट्रात तर हिशेब आणि अध्यात्म यांची गाठ फार पूर्वीच घातली गेली आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींकडे एकनाथ सेवेस असता हिशेबात एका पैची चूक निघाली, ती शोधण्यात त्यांनी रात्र जागविली, आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, अशी परंपरागत कथा आहे. गुरूंनी त्या पैचे महत्त्व मानले नाही. त्या रात्रीची एकाग्रता मात्र त्यांनी हेरली.

आता बस्सीच्या त्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याची अडचण एका अंशी गांधींच्या काळाहून बिकट आहे. २०१६ पासून भ्रमणध्वनीवरून थेट बँकेतील पैसे देण्याची सोय झाली. तिचे उपयोग मोठे आहेत, पण हातातून नोट सुटताना जी लहानशी कळ येत असे, ती नाहीशी झाली. शिवाय दुकानच खिशात आले. दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी वर्णिली आहे, तिची पहिली कडी नुसते चिंतन ही आहे. रात्री अंथरुणावर पडून वस्तूंची चित्रे चाळणे हे ते चिंतनच होय. खरेदी ही बरीच पुढची कडी.

पहिल्या महिन्यात त्याने काहीही बंद करू नये. केवळ लिहावे. समजा, महिनाअखेर वहीत असे दिसले : भ्रमणध्वनी हप्त्यावर घेतला होता त्याचे ८५० रुपये, त्याच्या भरण्याचे ३००, रोजच्या बस-जीपचे ४० प्रमाणे २४ दिवसांचे ९६०, चहा-कचोरीचे रोज ४५ प्रमाणे १,०८०, आणि किरकोळ खरेदीचे ३४०. एकूण ३,५३०. मिळकतीहून ५३० अधिक. मागील उसने १,०७० होते. आता ऋण १,६०० झाले. चहा-कचोरीवर पाचसहाशे जात असावेत अशी त्याची समजूत होती. अशा समजुती वहीपुढे टिकत नाहीत.

दुसऱ्या महिन्यात एकच बदल. रेल्वेचा मासिक पास काढावा, आणि जयपूरच्या गांधीनगर स्थानकावर उतरून पुढे पायी जावे. (स्थानकाचे नाव येथे सहजच जुळून आले आहे.) गाडी चुकेल त्या दिवशी बस आहेच. प्रवासाचा खर्च ४०० वर आला तर महिनाअखेर ३० रुपये उरतात. रक्कम हसण्यासारखी आहे, पण महिन्यात नवे उसने घेतले गेले नाही. याच महिन्यात एक दुसरे काम उरकावयास हवे, आणि त्यास पैसा लागत नाही : वडिलांना सर्व सांगणे. हे सर्वांत अवघड. वडील रागावतील, कदाचित एक शब्दही न बोलता गोठ्याकडे जातील, आणि ते अधिक लागेल. परंतु लपविलेल्या ऋणासह लिहिलेली वही ही अर्धी खोटीच वही असते.

तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस घरची भाकरी बरोबर न्यावी. ३६० रुपये वाचून ३९० ऋणफेडीस जातात. चौथ्या महिन्यात किरकोळ खरेदीस तीन दिवसांचा विलंब लावावा. वस्तू मनात आली की तिचे नाव वहीत लिहावे आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहावे. पुष्कळ नावे तोवर परकी वाटू लागतात. त्यातून २०० वाचतात, पण नेमके त्याच महिन्यात मित्राचे लग्न निघते आणि ४०० खर्च होतात. उरले १९०. पूर्वीचा विद्यार्थी येथे वही फेकून देता. आता त्याने ‘लग्न, ४००’ एवढेच लिहावे आणि पुढचे पान उलटावे. पाचव्या महिन्यात ५९० फिटतात, सहाव्यात शेवटचे ४००.

सहाव्या महिन्याच्या अखेरच्या रात्री शिल्लक १९० रुपये. त्यातील १०० रुपयांनी गावच्या डाकघरात पाच वर्षांचे आवर्ती ठेवीचे खाते उघडता येते. त्यास दरमहा किमान तेवढीच रक्कम लागते. उरलेल्या ९० रुपयांपुढील जागा वहीत अजून कोरी आहे.