सीमेवरचा कापूस : चोरवाट कशी तयार झाली?

बिलोलीहून बोधनला जाताना येसगीजवळ मांजरा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की राज्य बदलते. पण ही सीमा सगळीकडे इतकी सरळ नाही. देगलूर, भोकरच्या बाजूला ती शेताच्या धुऱ्यावरून जाते. 1956 पर्यंत इकडचे-तिकडचे सगळे हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होते. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे तर नांदेड जिल्ह्यातच होती. बिचकुंदा व जुक्कल ही देगलूर तालुक्यातली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ती आंध्र प्रदेशात गेली (2014 पासून तेलंगणात आहेत). सोयरिकी तशाच राहिल्या, आठवडी बाजारही तसेच राहिले. एकाचे रान इकडे आणि खळे तिकडे, असेही झाले.

हे आधी सांगण्याचे कारण असे की चोरट्या वाहतुकीची चर्चा निघाली की आपण लगेच नाक्यावर येतो. नाका रस्त्यावर असतो. सीमा मात्र बहुतेक ठिकाणी लोकांच्या खाजगी जमिनीतून जाते, आणि स्वतःच्या शेतातून बैलगाडी नेणाऱ्याला अडवायचे तरी कोणी? या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव आपल्या भागाला कापसाने दिला. व्यापारी बांधवांनी तो हिसाब नीट समजून घ्यावा.

महाराष्ट्राने 1971 साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला आणि 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. खाजगी अडत्याला खरेदी बंद, आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेणेही बंद. हेतू चांगलाच होता. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याला नाडू नये, त्याला हमीभाव मिळावा. आपल्यातल्या काहींनी नाडले नव्हते असे मी म्हणणार नाही.

पण शेजारच्या आंध्र, गुजरात, मध्य प्रदेशात बाजार खुला होता. एकाच नदीच्या दोन काठांना दोन भाव झाले. समजा इकडे क्विंटलला 1000 रुपये आणि पलीकडे 1150. आठ क्विंटलच्या गाडीला फरक 1200 रुपयांचा. गाडीभाडे, वाट दाखवणारा, नाक्यावरचा ‘चहा’ मिळून 400 गेले, तरी 800 हातात. अशा हिसाबापुढे कायद्याचे कलम कोण वाचतो?

आणि गोष्ट नुसत्या भावाची नव्हती, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, काही वेळा दोन-तीन दिवस मुक्काम. प्रतवारीवरून वाद. चुकारा हप्त्याने आणि उशिरा, त्यातून सोसायटीचे कर्ज आधीच कापून घेतलेले. पलीकडचा व्यापारी रोख मोजून देत होता. मुलीचे लग्न ठरलेल्या बापाला 50 रुपये कमी मिळाले तरी रोखच हवे असतात. म्हणजे भाव सारखा असला तरी कापूस जात होता. आमच्या दुकानात दिवाळीनंतर कापडाची उधारी फिटायची ती कोणत्या पैशाने, हे गिऱ्हाईक सांगत नसे आणि वडील विचारत नसत.

आता उलट बाजू पाहा. ज्या वर्षी इकडचा हमीभाव बाहेरच्या बाजारापेक्षा वर असे, त्या वर्षी तीच गाडी, तीच वाट, फक्त तोंड फिरलेले. बाहेरचा स्वस्त कापूस आत यायचा आणि इथल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, त्याच्या नावाने केंद्रावर घातला जायचा. महागाईत माल बाहेर, मंदीत माल आत. दोन्हीकडून मार बसला तो योजनेला. तिची तूट वाढत गेली, आणि 2002 नंतर खाजगी खरेदीची वाट पुन्हा मोकळी झाली. त्याबरोबर कापसाची चोरवाटही ओस पडली. जे काम नाक्यांनी तीस वर्षांत झाले नाही ते भावाची भिंत पडताच झाले.

यात सापडत कोण होते? बैलगाडीवाला, फार तर ट्रकचा ड्रायव्हर. पलीकडे माल उतरवून घेणारा क्वचितच. आमच्या गल्लीतल्या एका पिंजारी चाचांना तर रजया भरायला दोन पोती रुई नेताना पावती नाही म्हणून दिवसभर बसवून ठेवले होते. गुन्हा त्यांचा नव्हता. कागदाची सवय नव्हती इतकेच.

ती सवय आज लागली पाहिजे. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. म्हणून तपासणी संपली असे समजू नका. ती आता रस्त्यात कुठेही होते. राज्याबाहेर 50,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा करपात्र माल पाठवायचा तर ई-वे बिल हवे, आणि त्यात गाडीचा नंबर भरलेला हवा. गाडी वाटेत बदलली तर नवा नंबर भरा. साधारणपणे 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. कापडावर 5 टक्के कर धरला तर एक लाखाच्या मालावर 5,000 रुपये होतात. कागद नसताना माल धरला आणि मालक पुढे आला तरी 2022 पासून दंड कराच्या दुप्पट, म्हणजे 10,000. जिनिंगवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर त्यावरचा कर शेतकऱ्याने नव्हे, नोंदणी असलेल्या खरेदीदाराने भरायचा असतो.

बोधन, निजामाबादला माल देणाऱ्या आपल्या छोट्या दुकानदारांचा एक प्रश्न नेहमी येतो : 80,000 चा माल दोन बिलांत फोडून एकाच टेम्पोत नेला तर? गिऱ्हाईक खरोखर दोन असतील तर बिलेही दोन होतील. एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच मालाची दोन बिले केली, तर तपासणारा ती समोरासमोर ठेवतो. मग त्याला आणखी काही विचारावे लागत नाही.