क्षीरान्नाद बालक आणि त्याची माता : एक व्यवहारोपयोगी विचार

सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भाग केले आहेत. पहिले वर्ष क्षीरपाचे, दुसरे क्षीरान्नादाचे व त्यापुढील काळ अन्नादाचा होय. नवजात बालकाची परिचर्या आपण सविस्तर अभ्यासतो. क्षीरान्नादाकडे मात्र तितके लक्ष जात नाही. चिकित्सालयात याच वयाच्या बालकांच्या माता सर्वाधिक चिंतित दिसतात आणि त्यांची तक्रार बहुधा एकच असते : "डॉक्टर, हा काही खातच नाही." प्रस्तुत लेखात या तक्रारीचा विचार केला आहे.

अरुची की वयाचा स्वभाव?

जन्मतः ३ किलो असलेले निरोगी बालक वर्षाअखेर साधारण ९ किलोचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र वजन केवळ २ ते २.५ किलोने वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही त्या मानाने उतरते. त्यातच पायांना नवी गती आलेली असते. ताटापेक्षा उंबरठ्यापलीकडचे जग बालकाला अधिक खुणावते. माता मात्र गतवर्षाच्याच मापाने मोजत राहते. म्हणून दीपन-पाचन योजण्यापूर्वी वजन व लांबी घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वृद्धी-आलेखावर त्यांची नोंद करावी. आलेख आपल्या रेषेने चढत असेल आणि बालक खेळकर असेल, तर औषधाची आवश्यकता नाही.

आलेख सपाट झाला असेल, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. पांडुता, कृमी, मृद्भक्षण, वारंवार अतिसार आणि दुधाचा अतिरेक यांची विचारपूस करावी. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक गाईचे दूध पिणारे बालक अन्न कमी घेते व त्यास लोह अपुरे मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के बालके रक्ताल्पतेने ग्रस्त आढळली. तेव्हा रक्तपरीक्षेत विलंब नको. अठरा महिन्यांपर्यंत बालक स्वतंत्रपणे चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.

आहार

स्तन्य हळूहळू सोडवावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. स्तन्य सुटलेल्या बालकासाठी त्यांनी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा प्रीणन मोदक सांगितला आहे. व्यवहारात चारोळी व लाह्या बारीक वाटूनच द्याव्यात, अन्यथा घशात अडकण्याचे भय असते. मध वर्षाच्या आत देऊ नये. नित्याच्या आहारात तूप घातलेला मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, शिजवलेल्या भाज्या असे तीन-चार वेळा द्यावे व त्याबरोबर स्तन्यपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. बालकाला आपल्या हाताने खाऊ द्यावे. निम्मे सांडेल, परंतु उरलेले निम्मे ते आनंदाने खाईल.

भय नको

बालक रडत असता वा जेवत नसता राक्षस-पिशाचादिकांची नावे घेऊन त्यास घाबरवू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या घरांतील बागुलबुवा यात आलाच. खेळणी रंगीत, नाद करणारी व हलकी असावीत. टोकदार वा तोंडात जाऊ शकतील अशी नसावीत, हा उपदेशही तेथेच आहे. मोबाईलवरील चित्रे दाखवून घास भरवणे ही त्याच हट्टाची नवी रीत होय. तन्मनस्क होऊन जेवावे, हा आहारविधी बालकालाही लागू आहे.

मातेची परीक्षा

स्तन्यप्रवृत्तीचे कारण अपत्यस्नेह आणि स्तन्यनाशाचे कारण शोक, क्रोध, लंघन व आयास, हे आपण पाठ केलेले आहे. परंतु समोर बसलेल्या मातेला "आपण जेवलात का?" असे आपण क्वचितच विचारतो. सोळा महिन्यांच्या बालकाला घेऊन एक माता आमच्याकडे आल्या होत्या. पिशवीत भूक वाढवणाऱ्या तीन बाटल्या होत्या. बालकाचा आलेख उत्तम होता. पांडुता मातेलाच होती. तिन्ही बाटल्या थांबवून आम्ही मातेची चिकित्सा केली. शिवाय घास मोजण्याऐवजी बालकाने केलेली एक नवी गोष्ट रोज लिहून ठेवण्यास सांगितले. आठवड्याने त्यांनी वही आणली : डब्याला झाकण लावले, आजोबांच्या चपला आणून दिल्या, कावळ्याला चिऊ म्हटले. वही वाचताना त्या हसत होत्या. सौमनस्य हेही औषधच आहे आणि बालक ते रोज विनामूल्य देत असते. थकलेल्या मातेला ते दिसावे, इतकी उसंत घरच्यांनी तिला द्यावी. मात्र खिन्नता, निद्रानाश वा बालकाविषयी विरक्ती टिकून राहिल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात संकोच करू नये.

औषधविक्रेत्या बंधू-भगिनींसाठी

बालकासाठी "भुकेचे काहीतरी" मागितले गेल्यास प्रथम वय व वजन विचारावे. अरविंदासव हा संधानकल्प असल्याने त्यात स्वयंजनित मद्यांश असतो. त्याची मात्रा वैद्यानेच ठरवावी. कुमारकल्याण रसासारखे रसकल्प चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी.

सारांश, क्षीरान्नादाची चिकित्सा ही दोघांची चिकित्सा आहे. बालकाचे वजन घ्यावे आणि मातेचे ऐकून घ्यावे; औषधाचा विचार त्यानंतर करावा. इत्यलम्.