धाप लागते म्हणाली, तर आधी हृदय ऐक

प्रिय डॉक्टर,

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालीस, आनंद वाटला. गरोदर बायकांच्या तपासणीत तिथे वजन होतं, बीपी होतं, रक्त तपासणीला जातं. छातीला स्टेथोस्कोप लावायचं मात्र गर्दीत राहून जातं. त्यासाठीच हे पत्र.

गरोदरपणात सगळ्यांचं लक्ष पोटाकडे असतं, पण जादा काम हृदयावर पडतं. अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी जलद होते आणि हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त पुढे ढकलतं. तरीही बीपी चढत नाही. संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि मधल्या महिन्यांत ते उलट थोडं उतरतं. रक्तातला पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढत असल्यामुळे हिमोग्लोबिनही जरा खाली येतं. पण ते ११ ग्रॅमच्या खाली गेलं, तर तो रक्तक्षयच धरायचा.

निरोगी हृदय हा भार पेलतं. अडचण होते ती मिट्रल झडप अरुंद असलेल्या बाईची. बहुधा त्यामागे लहानपणी कधीतरी सांधे सुजून आलेला ताप असतो, घरचे तो विसरलेलेही असतात. नाडी जलद झाली की अशा झडपेतून रक्त उतरायला वेळ पुरत नाही, ते फुप्फुसांत तुंबतं. लग्नाआधी दिवसभर शेतात राबणारी मुलगी सातव्या महिन्यात चार पावलांत थांबते आणि सासू म्हणते, "पोट वर आलं की धाप लागायचीच."

सासूचं अगदीच चूक नाही. चढावर थोडी धाप, संध्याकाळी पायांवर सूज निरोगी बाईलाही येते. पण रात्री आडवं होता येत नाही, झोपेतून गुदमरून उठावं लागतं, खोकला थांबत नाही, असं ती सांगत असेल, तर तिला टूडी इकोसाठी त्याच दिवशी पाठवायचं. या तपासणीने बाळाला काही धोका नाही.

बाळंतपणात प्रत्येक कळेसरशी ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त गर्भाशयातून परत अंगात येतं. बाळ बाहेर आलं की मोठ्या नीलेवरचा दाबही सुटतो आणि हृदयाकडे रक्ताचा लोंढा जातो. सगळे बाळाकडे पाहत असतात, त्याच वेळी अशा बाळंतिणीच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतं. म्हणून तिला सलाईन बेतानेच द्यायचं आणि पुढचे ४८ तास नजरेआड होऊ द्यायचं नाही.

एरवी धडधाकट असलेल्या बाईच्याही हृदयाचा स्नायू शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत क्वचित दुबळा होतो. तेव्हा ती बहुधा माहेरी असते आणि तिची धाप जागरणाच्या थकव्यात जमा होते. आशाताईंना हे नीट समजावून सांग.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. येत्या ९ तारखेपासून प्रत्येकीला दोन प्रश्न विचार: लहानपणी सांधे सुजले होते का, आणि रात्री किती उशा लागतात? मग स्टेथोस्कोप लाव.

तुझे सर