हाड्याव्रण : जखम बुजली म्हणजे हाड बरे झाले काय?

मुलास ताप येऊन त्याची मांडी किंवा नळी दुखू लागली, म्हणजे "खेळताना मुरगळले असेल" असे म्हणून घरची माणसे तेल चोळतात व वाट पाहतात. पुष्कळदा ते खरोखर मुरगळलेलेच असते व चार दिवसांत मूल धावू लागते. परंतु कधी कधी ते दुखणे हाडाच्या आतले असते, आणि मग त्याच चार दिवसांवर मुलाचा पाय अवलंबून असतो. खेड्यात दुखणेकऱ्याच्या घरी उपदेशकास लवकर बोलावणे येते. म्हणून ही व्याधी त्याने तरी नीट ओळखावी, ह्या हेतूने हा पाठ दिला आहे.

१. हाड कसे नासते

हाड वाळक्या लाकडासारखे निर्जीव नाही. त्यात रक्त खेळते. अंगावरील लहानशा गळवातून किंवा खरचटण्यातून जंतू रक्तात शिरतात. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ, जेथे हाड वाढत असते, तेथे रक्त संथ वाहते. त्या ठिकाणी ते जंतू घर करतात व पू होतो. मांसातील गळू फुगते, पण हाडास फुगता येत नाही. कोंडलेल्या पुवाचा दाब वाढून रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. औषध रक्तावाटे जाते. जेथे रक्त नाही तेथे औषधही पोहोचत नाही. ह्या व्याधीचे सारे हट्टी वर्तन ह्या एका गोष्टीतून निघते.

मोठ्या माणसांस ही व्याधी बहुधा अपघातात हाड मोडून बाहेर आल्याने, किंवा पायाच्या जुन्या जखमेतून होते. विदर्भात सिकलसेलचा विकार पुष्कळ कुटुंबांत आहे. अशा रुग्णांच्या हाडांत जंतू सहज शिरतात, आणि त्यांस नेहमी होणाऱ्या वेदनांसारखेच हे दुखणे दिसते; म्हणून त्यांच्या बाबतीत दुप्पट सावध असावे.

२. खुणा

ताप, हाडावर एका ठराविक जागी दाबले असता असह्य वेदना, मूल पाय टेकत नाही किंवा हात हलवू देत नाही, पुढे सूज व लाली. तान्हे मूल केवळ एक पाय हालवीनासे होते. ह्या खुणा दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चोळू नये, डाग देऊ नये, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये.

व्याधी जुनी झाली म्हणजे कातडीला भोक पडून पू वाहतो, थांबतो व पुन्हा वाहतो. कधी त्यातून हाडाची कपची बाहेर येते. वरून कितीही मलम लावले तरी आत मेलेले हाड आहे तोवर ते भोक कायमचे बुजत नाही.

३. उपचार

वर्धा जिल्ह्यातील लोकांस ह्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय आहे, व डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापिलेले वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे.

डॉक्टर प्रथम रक्त व पू तपासावयास घेतात, कारण कोणता जंतू आहे हे कळल्याने योग्य औषध ठरते. पहिले दहाबारा दिवस क्ष-किरणांच्या चित्रात हाड निर्दोष दिसू शकते. तेवढ्यावरून निश्चिंत होऊन घरी परतू नये. प्रथम शिरेतून औषध देतात व मग गोळ्या. गोळ्यांस हलके समजू नये. ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाडासांध्यांच्या संसर्गावर पहिले सहा आठवडे नीट निवडून दिलेली पोटातील औषधे शिरेतील औषधांपेक्षा उणी ठरली नाहीत.

पू साचला असेल तर शस्त्रक्रियेने काढावा लागतो, आणि मेलेले हाडही काढावे लागते. "हाड काढले तर मूल पांगळे होईल" असे भय पुष्कळांस वाटते. परंतु मुलांत मेलेल्या हाडाभोवती शरीर नवे हाड घडविते, आणि ते पुरेसे झाले की नाही हे पाहूनच डॉक्टर जुना तुकडा काढतात. तोवर हाड मोडू नये म्हणून प्लास्टर घालतात.

क्षयाचे जंतूही हाडात शिरतात, विशेषतः पाठीच्या मणक्यांत. त्यात दुखणे हळूहळू वाढते, आणि औषध बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक घ्यावे लागते.

४. धीर

१९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन वापरात आले. त्यापूर्वी ह्या व्याधीने पुष्कळ मुले दगावत. आज औषध आहे. उणीव पडते ती शेवटपर्यंत ते घेण्याची. ताप व वेदना थोड्या दिवसांत जातात, पण हाड शुद्ध होण्यास मुलांस बहुधा तीनचार आठवडे व मोठ्यांस सहा आठवडे लागतात, आणि जुन्या व्याधीत त्याहूनही अधिक. मध्येच औषध सोडल्यास उरलेले जंतू राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे राहतात व वर्षांनंतरही पेट घेतात. बरे झाल्यावरही ठरलेल्या तारखेस दाखवावयास जावे, कारण हाडाच्या वाढीस धक्का बसला असेल तर पाय आखूड होऊ लागतो. डाळ, दूध, अंडी द्यावी, तंबाखू सोडावी, सांगितलेला व्यायाम करावा.

५. बधिर पाय

मधुमेह किंवा कुष्ठरोग असलेल्याच्या पायास वेदना कळत नाही. काटा रुततो, जखम हाडापर्यंत जाते, आणि तो मनुष्य त्यावर चालतच राहतो. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत. न कळलेल्या जखमांनी ती जातात. अशा मनुष्याने रोज संध्याकाळी आपले तळवे पाहावे, किंवा घरच्याने पाहावे.

सेवाग्रामास ह्याचे एक उदाहरण आहे. १९३९ साली परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमाच्या दारी आले. गांधीजींनी त्यांस आपल्या कुटीजवळ जागा दिली व स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. दुसऱ्याचा पाय हाती घेऊन पाहणे हे कमीपणाचे काम नव्हे, हे तेथे सर्वांनी पाहिले. आपल्या गावातही हे काम रिकामे पडले आहे.

विचारावयाचे प्रश्न
१. मेलेल्या हाडात औषध का पोहोचत नाही?
२. मूल पाय टेकीत नसेल तर कोणत्या गोष्टी करू नयेत?
३. वेदना थांबल्यावरही औषध का चालू ठेवावे?
४. आपल्या गावात वारंवार पू वाहणारी जखम किंवा बधिर पाय कोणाचा आहे? त्यास रुग्णालयात कोण व कधी नेईल?