गोळी चालू आहे ना?

खेड, जि. रत्नागिरी
रविवार, संध्याकाळ

चि. बाळूस,
प्रभूमध्ये सलाम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रावर ‘रेंज नाही’ म्हणता येणार नाही.

परवा नगरहून तुझ्या धाकट्या काकूचा फोन आला. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे हे आपल्या घरात सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून निम्मं मी ऐकलं तिथेच सोडून दिलं. पण उरलेल्या निम्म्यानेही दोन रात्री झोप नाही. तुम्ही दोघं दर शुक्रवारी कुठल्याशा हॉलमधल्या सभेला जाता, तिथल्या ब्रदरांनी चिंगीच्या डोक्यावर हात ठेवून ती बरी झाल्याचं स्टेजवरून जाहीर केलं, आणि तेव्हापासून तिची फिटची गोळी बंद आहे, असं काकू म्हणाली. खरं आहे का हे? नोकरीचं नंतर बोलू. गोळी चालू आहे ना?

अरे, मी आयुष्यभर नर्स होते. अजूनही इथल्या बाजारात मला कोणी नावाने ओळखत नाही, ‘सिस्टर’ म्हणतात. तापाची गोळी विसरली तर विसरली. फिटची गोळी तशी नाही. ती एकदम तोडली की एकामागून एक फिट येऊ शकते, मध्ये लेकराला शुद्धच येत नाही. मी ते पाहिलंय. दोन महिने फिट आली नाही म्हणजे ती बरी झाली असं नाही रे, बहुतेक ती गोळी काम करत होती. दोनएक वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर स्वतःच विचार करतात आणि हळूहळू कमी करतात. ते डॉक्टरांनी करायचं. तू नाही, मी नाही, आणि स्टेजवरच्या माणसाने तर नाहीच. बंद केली असशील तर हे पत्र खाली ठेव, आधी डॉक्टरांकडे जा. पुन्हा किती मात्रेने सुरू करायची तेही त्यांनाच विचार.

त्या ब्रदरांनी तुला मार्काचा नववा अध्याय दाखवला असणार. दाखवणारच. तोच मुलगा, लहानपणापासून झटके येणारा, विस्तवात पडणारा, पाण्यात पडणारा. पण त्यात बापाचं काय आहे ते वाच. तो बाप येशूसमोर उभा राहून एकाच श्वासात सांगतो की विश्वास आहे आणि नाहीही, कमी पडतोय तो तूच भरून काढ. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवलं नाही. तुला मात्र म्हणे सांगितलंय की गोळी दिलीस तर विश्वास कच्चा ठरेल, आणि झालेली कृपा परत जाईल. कुठल्या शास्त्रात आहे हे? हिज्कीया राजाचं आयुष्य देवाने पंधरा वर्षं वाढवून दिलं, शब्द दिला, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. लूक तर वैद्यच होता. आणि मंदिराच्या टोकावर नेऊन, उडी मार, देवदूत झेलतील, असं येशूला कोण म्हणालं होतं, ते तू संडेस्कूलमध्ये पाठ करून बक्षीस घेतलं होतंस. कंपासपेटी. मीच आणली होती.

पैशाचंही कळलं. ‘बी पेरायचं’ म्हणून दिलेस ना? पीएफमधले? बाळू, देव म्हणजे भिशी नव्हे, की आज हप्ता भरला आणि चार महिन्यांनी आपला नंबर लागला. दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, आम्हा भावंडांना एकदा केडगावला मुक्ती मिशनमध्ये नेलं होतं. आम्हाला वाटलं प्रार्थनेची जागा दाखवतील. त्यांनी आधी दाखवल्या विहिरी. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात खोदून घेतलेल्या. रमाबाईंएवढी प्रार्थना आपल्यात कोणी केली असेल? १९०५ ची ती जागृती, जिचं नाव तुमच्या त्या सभेतही घेत असतील, ती तिथलीच. तरीही बाईंनी पावसासाठी नुसते हात जोडून वाट पाहिली नाही. माग बसवले, छापखाना चालवला, मुलींच्या हातात काम दिलं. आणि एवढं करूनही त्यांच्या वाट्याला काय आलं बघ. कोवळ्या वयात आई, वडील, बहीण दुष्काळात गेले. मग भाऊ. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीने. शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बाईही गेल्या. त्यांचं बी कच्चं होतं का रे? तुझ्या ब्रदरांना एवढं विचार माझ्या नावाने.

रागावले. रागावणारच. पण राग सगळा तुझ्यावरचा नाही, आणि हे लिहायचं की नाही यात माझा चहा गार झाला.

माझ्या धाकट्या बहिणीचं, बेबीचं, नाव आपल्या घरात कोणी घेत नाही. तिचा फोटो काकूच्या कपाटावर आहे तेवढाच. ती मेंदूच्या तापाने गेली एवढं तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही, कारण ते फक्त आईला, मला आणि तुझ्या वडिलांना ठाऊक होतं. मी तेव्हा मिरजेला ट्रेनिंगला होते. आईचं कार्ड आलं: पोरगी पंधरा दिवस मलूल आहे, डोकं दुखतं म्हणते, ओकते, तुझ्याकडे घेऊन येऊ का? मी उलट लिहिलं, आई, प्रार्थना करा, घाई करू नका, प्रभू बरं करील. खाली संदर्भही दिला होता स्तोत्राचा. किती छान अक्षरात लिहिलं होतं! बाळू, तो विश्वास नव्हता. माझी परीक्षा होती दहा दिवसांवर. आई आली असती तर तिची सोय, बेबीला दाखवणं, मेट्रनची परवानगी, सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं. माझ्या आळसाला मी देवाचं नाव दिलं. आईने माझ्या शब्दावर बारा दिवस काढले. आणलं तेव्हा पोरगी ओळखत नव्हती.

लवकर आणलं असतं तर वाचलीच असती असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. हेच तर आहे. ते बारा दिवस मला कधीच कळणार नाहीत. तुझ्या वडिलांनी ते कार्ड वाचलं होतं. मरेपर्यंत एका शब्दाने मला बोलले नाहीत. चिंगी झाली तेव्हा तिला आधी माझ्या हातात दिली, तेव्हा मी खोलीबाहेर का गेले ते तुम्हा कोणाला कळलं नाही.

म्हणून विचारते. गोळी चालू आहे ना?

तुझं मला कळत नाही असं समजू नकोस. नोकरी गेली, घराचा हप्ता डोक्यावर, आणि रात्री दोन वाजता पोटचं लेकरू हातात ताठ होतं. अशा वेळी माणूस कशालाही धरतो. ज्याने तुला ‘ती बरी झाली’ म्हटलं त्याने एक रात्र तरी झोप दिली असेल तुम्हाला. मीही कोणी मोठी विश्वासाची बाई नाही. २२ जुलै २०२१ ला जगबुडी नदीचं पाणी बाजारपेठेत चढलं तेव्हा शेजारच्या खालांनी ओढून मला वरच्या मजल्यावर नेलं. रात्रभर मी काही स्तोत्रं म्हटली नाहीत. ‘येशू, पाणी सातव्या पायरीवर आहे. येशू, आठवी गेली,’ एवढंच सांगत बसले, लहान मूल आईला सांगतं तसं. खाला पलीकडे तसबीह ओढत होत्या. मग कळलं की त्याच पावसात आपल्याच तालुक्यात पोसऱ्याला बौद्धवाडीवर दरड आली, सतरा माणसं गेली. मी वाचले म्हणून माझी प्रार्थना पोचली आणि त्यांची अडली असं म्हणायला लागले तर माझी जीभ झडो. का, ते मला माहीत नाही. ईयोबालाही शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. पण त्या रात्री मी सांगत होते आणि कोणीतरी ऐकत होतं, हे मी कुठल्याही स्टेजवर सिद्ध करू शकणार नाही आणि सोडणारही नाही.

दादांची पेटी त्या पुरात फुगली. दुरुस्त केली, तरी दोन सूर अजून बोलत नाहीत. रविवारी आम्ही सहा-सात जण जमतो, रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतो, आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मला तो माणूस, आणि ते दोन सूर आले की सगळेजण गळ्यातून भरतो. चिंगीला गंमत वाटेल.

तर असं कर. तिला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर रिक्षा, हॉस्पिटल. सूनबाईला वाचून दाखव हे. तिच्यावर चिडू नकोस, ती आई आहे. शुक्रवारी सभेला जायचं तर जा, मी अडवत नाही, पण गोळीची वेळ चुकवू नका. आणि रोज रात्री गोळी देताना तिच्या डोक्यावर हात ठेवून तूच प्रार्थना कर. बापाचा हात आहे तो, कमी नाही.

पेन्शन झाली की थोडे पैसे पाठवते. परत पाठवलेस तर बोलणार नाही तुझ्याशी. पाऊस उतरला की तिघं इकडे या. एसटीचं तिकीट काढताना ‘खेड, रत्नागिरी’ असं नीट सांग, नाहीतर मागल्या खेपेसारखा राजगुरूनगरला उतरशील आणि तिथून मला फोन करशील, ‘आत्या, नदी कुठाय?’

चिंगीला गोड पापा. तुम्हा दोघांची आठवण मी रोज पहाटे करते.

तुझी आत्या

ता. क. रात्रीची गोळी किती वाजता देता ते कळव. त्या वेळेला मीही इथे जागी असेन.