एवढीशी पक्कड आणि तिचं पाणी

प्रश्न : आमचे जावई जर्मनीत असतात. गणपतीला आले तेव्हा त्यांनी सासऱ्यांसाठी खिशात मावेल अशी पाच इंची पक्कड आणली. किंमत विचारली तर आधी सांगेनात, मग म्हणाले, आपल्याकडचे तीन हजारांच्या आसपास! आमच्या घरात नाशिकची आठ इंची पक्कड वीस वर्षं आहे, ती तेव्हा शे-सव्वाशेला आली होती आणि अजून ठणठणीत आहे. या एवढ्याशा वस्तूत असं काय आहे? आमचे हे तर ती सदऱ्याच्या खिशात घालून लोकलनेही जातात. चालतं का ते? (एक वाचक, पापडी, वसई)

उत्तर : आधी किमतीचं बोलू. तीन हजारांतला बराचसा भाग नावाचा, परदेशी मजुरीचा आणि आयातीचा. उरलेल्या पैशांत दोन गोष्टी आल्या : पाणी आणि सांधा.

पाणी म्हणजे नळाचं नव्हे, पोलादाचं. आपला लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’, तेच. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते काचेसारखं कठीण होतं आणि काचेसारखंच फुटतंही. म्हणून ते पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा उतरवतात. त्या वेळी घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा-निळा असे रंग चढत जातात. जुना लोहार कोणत्या रंगावर थांबायचं हे नजरेनंच ठरवायचा. कारखान्यात पाणी द्यायचं हे काम विजेच्या गुंडाळीतून करतात. पकडीची फक्त धार काही सेकंदांत तापवायची आणि लगेच थंड करायची. धार कठीण होते, बाकीचं अंग चिवट राहतं. पकडीला दोन्ही लागतं. सगळी कठीण असेल तर हातातून पडल्यावर तुकडा उडेल, सगळी मऊ असेल तर पहिल्याच खिळ्यानं धारेला खाच पडेल. चांगल्या पकडीची धार कठीणपणाच्या रॉकवेल मापात साठच्या आसपास असते. फुटपाथवरच्या पकडीचं पाणी किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यात लेथवर उभा असलेला कोणताही कारागीर ते कानस फिरवून सांगेल. धारेवर कानस घसरली तर पाणी आहे, चावली तर नाही.

आता सांधा. जावयांनी आणलेली पक्कड बहुधा वॉटर पंप प्लायरच्या जातीची असावी. तिचा एक जबडा सरकतो आणि हवा तेवढा उघडून अडकवता येतो. नाव विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे. जुन्या मोटारींच्या पाण्याच्या पंपावरचा नट आवळायला असली पक्कड वापरत. अमेरिकेत 1930 च्या दशकात चॅनेललॉक नावाच्या पकडीनं जबडा खाचांतून सरकवण्याची युक्ती रूढ केली. जर्मनांनी त्यावर बटण बसवलं. एका हातानं बटण दाबायचं, जबडा नटला टेकवायचा, सोडायचं. वुपरटाल शहराच्या क्रोनेनबर्ग भागातली क्निपेक्स ही कंपनी 1882 पासून जवळजवळ फक्त पकडीच बनवते. शेजारचं झोलिंगेन सुऱ्या-कात्र्यांसाठी ओळखलं जातं, रेमशाइड हत्यारांसाठी. तिथल्या डोंगरातल्या ओढ्यांवर पूर्वी पाणचक्क्यांचे घण चालत आणि त्यातूनच हा सगळा मुलूख लोखंडकामाचा झाला. आपल्याकडे जालंधर आणि लुधियाना तसे आहेत.

नाशिकची पक्कड म्हणजे टपारिया, हे तुम्ही न लिहिताही कळलं. सातपूरच्या एमआयडीसीतल्या या कंपनीनं 1969 मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानं हत्यारं बनवायला सुरुवात केली. स्वीडन म्हटल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, त्या अंगठ्यानं चाक फिरवून जबडा लहान-मोठा करायच्या पान्याचं आजचं रूप एन्चोपिंग गावच्या योहान पेटर योहान्सननं घडवलं. त्याचं पेटंट 1892 चं. म्हणजे प्लंबरच्या पिशवीतलं एक तरी हत्यार स्वीडिश गावातून आलेलं असतंच. माझं मत विचाराल तर घरासाठी नाशिकचीच आठ इंची पक्कड पुरेशी आहे. जी वीस वर्षं टिकली तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार?

मग छोटीचा उपयोग काय? इथे थोडं गणित आहे, पण स्वयंपाकघरातल्या सांडशीवर समजेल एवढंच. सांडशीचा खिळा तोंडाजवळ आणि मुठी लांब, म्हणून थोडक्या जोरात गरम पातेलं घट्ट धरलं जातं. आठ इंची पकडीत तुमची मूठ खिळ्यापासून साधारण साडेअकरा सेंटिमीटरवर असते आणि तार कापायची धार जेमतेम सव्वा सेंटिमीटरवर. म्हणजे नऊपट. हातानं वीस किलोचा जोर लावला तर तारेवर पावणेदोनशे-दोनशे किलोचा पडतो. छोट्या पकडीत मूठही जवळ येते आणि जबडाही, त्यामुळे धरायचं प्रमाण फारसं घटत नाही. घटते ती फिरवायची ताकद. नट सोडवायचा तर नटापासून हातापर्यंतचं अंतर कामाला येतं आणि ते पाच इंची पकडीत जवळजवळ निम्मं होतं. म्हणून छोटीनं नट घट्ट धरला जातो, पण गंजून बसलेला नट फिरत नाही. तिथे रबरी मुठीवर मूठ आवळून आवळून तळव्याला फोड आणण्यात अर्थ नाही, मोठा पाना आणावा.

या जातीच्या पकडीची आणखी एक खोड लक्षात ठेवायला सांगा. तिचे दात तिरपे असतात. एका बाजूनं फिरवलं तर जबडा आपोआप घट्ट बसत जातो, मुठी फारशा दाबाव्याही लागत नाहीत. उलट्या बाजूनं फिरवलं की घसरते. पहिल्या दिवशी एखाद्या जुन्या बोल्टवर दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं की हाताला कळतं.

आणि तिचे दात चावतात! हे मी पैसे मोजून शिकलो आहे. सकाळी पाणी यायच्या वेळेला बेसिनखालच्या कनेक्शनचा नट ठिबकत होता. साधारण चोवीस मिलिमीटरचा, चकचकीत क्रोमचा. पक्कड हाताशी होती, अर्धा वळसा दिला, ठिबक थांबली. उजेडात पाहिलं तर क्रोमवर दातांचे सहा ओरखडे. पुढे तिथेच हिरवट बुरशीसारखं चढलं आणि वर्षभरात नट बदलावा लागला. क्रोमवर लावायची तर जबड्यात जुन्या सुती कपड्याची दुहेरी पट्टी घालावी. सपाट, बिनदाती जबड्यांची पक्कडही मिळते, पण ती आणखी महाग.

एक गोष्ट मात्र निक्षून. मुठीवर लाल किंवा पिवळं रबर आहे म्हणजे ती विजेच्या कामाची झाली, असं नाही. ज्या पकडीवर दोन त्रिकोणांचं चिन्ह आणि 1000 व्होल्टचा आकडा छापलेला असतो तीच आयईसी 60900 या मानकाप्रमाणे तपासलेली. बाकीचं रबर हाताला मऊ लागावं म्हणून असतं. आपल्या घरात 230 व्होल्ट असतात आणि ते जीव घ्यायला पुरेसे आहेत. मेन स्विच बंद केल्याशिवाय जावयांच्या पकडीनं बोर्ड उघडू देऊ नका.

घरासाठी नवी घ्यायचीच असेल तर मशीद बंदरच्या बाजूला नागदेवी स्ट्रीटवर जा. हत्यारांची एवढी दुकानं एका ओळीत मुंबईत दुसरीकडे नाहीत. तिथे पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. धारांमधून उजेड दिसला तर ती ठेवून द्या. मुठी वर-खाली हलवून खिळा कुरकुरतो का पाहा, आडवा हललाच नाही पाहिजे. खिशातून कागद काढून धारेच्या टोकानं कापा. स्वच्छ कापला तर घ्या, चुरगाळून फाटला तर दुसरी मागा. दुकानदार कंटाळेल, पण अशा गिऱ्हाइकाला तो ओळखतोही. बिल घ्या आणि घडवलेल्या ठशावरचं नाव अक्षर-अक्षर वाचा. नामांकित कंपन्यांच्या नावात एखादं अक्षर बदलून विकायची कला आपल्याकडे जुनी आहे.

आता लोकलचा प्रश्न. विरार फास्टमध्ये पक्कड नेण्यावर बंदी नाही. नाहीतर सकाळच्या गाडीतले निम्मे लिफ्टवाले, एसीवाले आणि प्लंबर डब्याबाहेरच राहिले असते. तुमच्या यजमानांना गर्दीचाच त्रास व्हायचा. सदऱ्याच्या खिशातली पक्कड शेजाऱ्याच्या बरगडीत घुसते आणि वसईला उतरताना ओढाताणीत पडते. पिशवीत किंवा पँटच्या मागच्या खिशात ठेवावी. फक्त पात्यांचं घडीचं हत्यार, म्हणजे लेदरमनसारखं, असेल तर जरा जपून. टिम लेदरमन 1975 मध्ये जुन्या मोटारीनं युरोपात हिंडत होता. गाडी सारखी बिघडायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्यातून सुचलेलं हत्यार 1983 मध्ये बाजारात आलं. त्यात चाकू असतो. आपल्याकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालय 1 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. सणासुदीला किंवा निवडणुकीला तिथले पोलिस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली मनाई आदेश काढतात. त्यात सुऱ्या, लाठ्यांपासून सगळं येतं. कामाला निघालेल्या कारागिराला कोणी सहसा अडवत नाही, पण विनाकारण पातं खिशात ठेवून मिरवणुकीत जाऊ नये.

विमानाचं तुम्ही विचारलं नाही, पण जावयांच्या परतीच्या वेळी उपयोगी पडेल. आपल्या विमानतळांवर पाना-पक्कड केबिनच्या पिशवीत चालत नाही. अमेरिकेत सात इंचांपर्यंतचं हत्यार बरोबर नेता येतं, म्हणून लोक गाफील राहतात आणि इथे तपासणीच्या टेबलावर तीन हजार रुपये सोडून जातात. चेक-इन बॅगेत टाकावं.

प्रश्न : आम्ही अर्नाळ्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. पेटीतली हत्यारं दर पावसाळ्यात तांबडी होतात. खोबरेल लावतो, तरी तेच. (एक वाचक, अर्नाळा)

उत्तर : दोष तुमचा नाही, खाऱ्या वाऱ्याचा आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंडावर न दिसणारा पाण्याचा थर कायम राहतो. पाचूबंदर, नायगाव, किल्लाबंदर, सगळीकडे हीच रड. खोबरेल लावू नका. वसईत थंडीच्या सकाळी ते थिजतं, नंतर खवट आणि चिकट होतं आणि सांध्यात धूळ धरून बसतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, एक थेंब खिळ्यात, एक कपड्यावर. डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला चांगलं. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं आणि चाळीस म्हणजे 1953 मध्ये जमलेला चाळिसावा प्रयत्न. पण ते लवकर उडून जातं, त्यावर तेल हवंच.

चामड्याचं म्यान दिसायला छान असतं, पण जून ते सप्टेंबर त्यात हत्यार ठेवू नका. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं आणि ते ओलही धरतं, म्हणजे गंजाला घरच मिळालं. सुती कापडाला तेलाचा हात पुसून त्यात गुंडाळा आणि पेटीत शाळेतल्या खडूचे चार तुकडे टाका. खडू ओल शोषतात. महिन्यातून एकदा उन्हात वाळवले की पुन्हा कामाला तयार. हा जुन्या फिटरांचा उपाय आहे आणि फुकटचा आहे. काळ्या रंगाची पक्कड गंजणार नाही, असं मात्र समजू नका. तो काळा थर तेल धरून ठेवतो म्हणून उपयोगी, तेल संपलं की तोही हरतो.

गंजलेली हत्यारं फेकू नका. वसईच्या स्वयंपाकघरात व्हिनेगर असतंच. त्यात रात्रभर बुडवा, त्याहून जास्त नको. सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच चुलीजवळ कोरडी करून तेल द्या. वसईतल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या पेट्या आहेत. कोणी गोदीत होतं, कोणी लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात. गंज उतरल्यावर पकडीच्या खिळ्याजवळ अक्षरं दिसली तर ती जशीच्या तशी कागदावर उतरवून आम्हाला पाठवा. वाचता आलेले ठसे आम्ही याच सदरात छापू.