फाइल आणि टाकी

अगं, नोकरीची दोन पत्रं एकाच आठवड्यात आली म्हणून तू रडवेली झालीस, हे ऐकून तुझ्या आईला हसू आलं. मला नाही आलं. झुरिच की मॉरिशसचं पोर्ट लुई, ते तुझं तू ठरव. आम्ही झुरिचजवळच्या एका गावात अकरा वर्षं काढली आणि मग सहा वर्षं मॉरिशसला, क्वात्र बोर्नमध्ये. दोन्हीकडे मी जिथे जिथे तोंडावर आपटले, तेवढंच सांगते. मावशीच्या टेंगळांवरून शहाणी झालीस तर बरं.

स्वित्झर्लंडला गेलीस तर पहिल्याच दिवशी एक जाड फाइल घे. खिळे-पट्टीवाली, चांगली. तिथे माणूस खोटं बोलतो की खरं, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. कागद काय बोलतो ते बघतात. घर भाड्याने घेताना घरातल्या प्रत्येक ओरखड्याची यादी करून मालक आणि भाडेकरू दोघं सह्या करतात. मी ती यादी कंटाळत कंटाळत केली होती. अकरा वर्षांनी घर सोडताना मालकाचा माणूस आला. खिडकीच्या पडद्याच्या एकेका पट्टीवरून त्याने बोट फिरवलं, नळाच्या मुळाशी साठलेला क्षाराचा पांढरा थर वाकून पाहिला आणि ओट्यावरच्या करपलेल्या डागापाशी थांबला. मी पिवळा पडलेला कागद पुढे केला. सातव्या ओळीत तो डाग आमच्या आधीच्या भाडेकरूच्या नावावर होता. त्याने हातात हात दिला, अनामत परत मिळाली. तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असते ती, म्हणजे एका कागदाची किंमत किती ते तूच काढ.

पगाराचा आकडा पाहून हुरळू नकोस. आरोग्य विमा तिथे सक्तीचा, पण तो पगारातून कापत नाहीत. घरी बिल येतं, माणशी वेगळं, लेकराचंही. पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो घ्यायचा असतो. लोकांना वाटतं, तिसऱ्या महिन्यात घेतला की दोन महिन्यांचे हप्ते वाचले. काही वाचत नाही, पहिल्या दिवसापासूनचे भरावे लागतात. शिवाय वर्षाचा सुरुवातीचा खर्च आपल्याच खिशातून, तो ३०० फ्रँकपर्यंत ठेवायचा की २५०० पर्यंत, हे आपण निवडायचं. हप्ता कमी दिसतो म्हणून २५०० वाला घेशील, आणि पहिल्याच हिवाळ्यात आजारी पडून... जाऊ दे, तोंडातून अभद्र नको.

कचऱ्याचं मात्र ऐकच. तिथे कचरा टाकायला पैसे पडतात, कर भरलेली ठरावीक पिशवीच विकत घ्यावी लागते. मी पहिल्या आठवड्यात पुण्याहून नेलेल्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत कचरा भरून ठेवून आले. कुणीतरी ती उघडली, आत आमच्या पत्त्याचं पाकीट सापडलं आणि दंडाची चिठ्ठी घरपोच आली. रद्दी तर सुतळीने आडवी-उभी बांधून, अगदी मिठाईच्या पुड्यासारखी, ठरल्या दिवशी दाराबाहेर ठेवायची. आपल्याकडे रद्दीवाला पैसे देतो, हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा तिला ती थापच वाटली. रविवारी काचेच्या बाटल्याही टाकायला न्यायच्या नाहीत, खळकन आवाज होतो ना! शांततेचा एवढा बाऊ मला आजवर समजलेला नाही.

आता गंमत सांगते. आमच्या इमारतीच्या तळघरात वीतभर जाडीचं काँक्रीटचं दार होतं. अणुयुद्ध झालंच तर लपायला. १९६० च्या दशकातल्या कायद्याने देशभर अशी आश्रयस्थानं बांधली गेली. शिवाय माणशी नऊ लिटर पाणी घरात साठवून ठेवा, असं सरकार सांगतं. ज्या देशात रस्त्यावरच्या कारंज्याचं पाणी ओंजळीने प्यावं, तिथे तळघरात पाण्याच्या बाटल्या! आमच्या आश्रयस्थानात लोकांच्या स्की होत्या, वाइन होती आणि माझी लोणच्याची बरणी.

मॉरिशसला हे सगळं उलटं होतं. तिथे घर पाहायला गेलीस की ओटा पाहू नकोस, डोळे वर कर. गच्चीवर टाकी आहे का, किती लिटरची, कुटुंबाला किती दिवस पुरेल, हे आधी विचार. बेटाच्या मधल्या पठारावर धो धो पाऊस पडतो, तरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पावसाळा लांबला की नळ ठरावीक तासच येतो. मी टाकी न विचारता घर घेतलं, बाल्कनीतून समुद्राची रेघ दिसते म्हणून. समुद्र बघत बघत बादल्या भरल्या. तिसऱ्या आठवड्यात तुझ्या काकांनी निळा ड्रम आणला.

दुसरं, वादळ. नोव्हेंबर ते एप्रिल. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिला लागला की शेजारी काय करतात ते बघ आणि तेच कर: टाकी भर, गॅसचा सिलिंडर बदल, कुंड्या आत घे, रेडिओला नवे सेल घाल. तिसरा लागला की घरातच. बस नाही, दुकान नाही, कुणी शूरपणा करत नाही. आमच्या शेजारच्या आजी लहानपणी १९६० च्या कॅरोल वादळातून वाचलेल्या. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली, तीच तुला सांगते. वारा एकदम थांबला, आकाश उघडलं, तरी बाहेर पडायचं नाही. तो वादळाचा डोळा असतो. त्या वेळी लोक उडालेले पत्रे गोळा करायला बाहेर आले आणि वारा उलट्या दिशेने परतला. गवताची आणि पत्र्याची घरं गेली, त्यानंतरच बेटावर सिमेंटची घरं वाढली. म्हणून तिथलं घर चौकोनी, सपाट, डोळ्याला रुक्ष दिसलं तरी नाक मुरडू नकोस. गच्चीवर गंजलेल्या सळ्या उभ्या दिसतील, तो निष्काळजीपणा नव्हे. मुलाचं लग्न झालं की त्यावर मजला चढवायचा असतो.

आणि ‘गरीब देश’ असं मनाशी घोकत जाऊ नकोस. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याला वर्षभर श्रीमंतांच्या रांगेत बसवलं होतं, पुढल्या वर्षी परत उठवलं. साठीच्या पुढच्यांना बस फुकट, सरकारी दवाखाना फुकट. रांग लांब असते, पुस्तक घेऊन जा.

तिथे आपले लोक भेटतील. कोकणातून गेलेल्या मजुरांची पाचवी-सहावी पिढी. आडनावांची स्पेलिंगं फ्रेंच वळणाची झालीत, घरात क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि आरती मराठीत होते. त्यांचं मराठी सुधारायला जाऊ नकोस. मी एकदा एका बाईंना ‘तुमचं मूळ गाव कुठलं हो?’ असं मोठ्या जिव्हाळ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, ‘कास्काव्हेल.’ म्हणजे तिथलंच, मॉरिशसमधलं. माझं तोंड एवढंसं झालं.

रस्त्यावर धोल पुरी खा. वाटल्या डाळीची मऊ पोळी, पुरणपोळीतला गूळ काढून घेतल्यासारखी. दोन एकावर एक, त्यात पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय, वर मिरची, कागदात गुंडाळून. ‘एन पेर’ म्हण, एक जोडी. पण आधी ‘बाँझूर’ म्हण. आपल्याला दुकानात शिरताच ‘पाव किलो जिरं द्या’ म्हणायची सवय. ‘बाँझूर’ न म्हणता मागितलंस तर विक्रेता ऐकतो, पण हात हळू चालतो त्याचा. झुरिचकडेही तेच, तिथे ‘ग्रुएत्सी’. डोंगरातल्या पायवाटेवर अनोळखी माणसालासुद्धा. या एका बाबतीत दोन्ही देशांना आपण सारखेच उद्धट वाटतो.

सामान भरताना: मिक्सर कुठेही ने, वीज दोन्हीकडे आपल्यासारखीच २३० व्होल्टची. फक्त प्लग बदलावा लागेल, स्विसांचा तर जगावेगळाच. कुकरच्या रबरी रिंगा चार घे. झुरिचला रात्री दहाच्या आत कुकर उतरव. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ शिट्टीला घाबरून एकदा दारात आले होते, आग लागली का विचारायला. क्वात्र बोर्नला मात्र आमची दुसरी शिट्टी झाली की शेजारच्या आजींचा कुकर सुरू व्हायचा.